क्रोशाचा गोल रुमाल वाटीसारखा वळतो किंवा कडेला झालर पडते: कुठे चुकतं आणि कसं सावरायचं

क्रोशा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला हा त्रास पहिल्याच गोल रुमालात होतो, आणि बऱ्याच जणींची त्यातून वर्षानुवर्षं सुटका होत नाही. सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्या छान जातात. मग कडा हळूहळू वर उचलायला लागते आणि ताटावर झाकायच्या रुमालाची टोपी होते. नाहीतर बरोबर उलटं होतं. कडेला टाके जास्त होतात, लाटा येतात, आणि टेबलावर पसरलेला रुमाल एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने उठतो. अशा वेळी सल्ले ठरलेले असतात. कुणी म्हणतं इस्त्री फिरव, बसेल. कुणी म्हणतं खळ दे. कुणी म्हणतं तुझा हातच घट्ट आहे, तुला जमायचं नाही. रुखवताची तारीख तोंडावर आलेली असते, म्हणून इस्त्री फिरते, खळ दिली जाते, आणि पहिल्या धुण्यात रुमाल पुन्हा होता तसा होतो.

हाताला दोष देणं आधी थांबवा. दहातल्या बहुतेक रुमालांत चूक टाक्यांच्या हिशोबाची असते, आणि तो हिशोब चौथी-पाचवी ओलांडलेल्या कुणालाही जमेल इतका सोपा आहे. तो एकदा कळला की मग नमुना कुणाचाही असो, दोरा कुठलाही असो, गोल सपाट बसवता येतो.

पुढे गोंधळ नको म्हणून टाक्यांची नावं आधीच ठरवून घेऊ, कारण घरोघरी ती थोडी वेगळी असतात. सुईवर आधी दोरा न घेता घातलेला आखूड टाका म्हणजे मुका खांब. सुईवर एकदा दोरा घेऊन घरात (म्हणजे मागच्या टाक्याच्या माथ्यावरच्या भोकात) घातली, दोरा बाहेर ओढला आणि दोन-दोन लूप करत सोडवले, तो खांब. तसंच करून तिन्ही लूप एकदम सोडवले तर अर्धा खांब. सुरुवातीला दोनदा दोरा घेतला तर दुहेरी खांब. फेरी बंद करायला जो टाका घालतो त्याला मी जोडटाका म्हणते.

गोल सपाट राहतो तो कशामुळे

प्रत्येक फेरीत गोल एका टाक्याच्या उंचीएवढा बाहेर सरकतो. त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या ६.२८ पट घेर वाढायला हवा. हा आकडा शाळेतल्या २ गुणिले पाय यातूनच येतो. आता मुका खांब साधारण जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवले की पुरतं. अर्ध्या खांबाला आठ. खांब त्याच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून बारा. दुहेरी खांबाला सोळा ते अठरा. मुक्या खांबाचा गोल ६, १२, १८, २४ असा वाढतो आणि खांबाचा १२, २४, ३६, ४८, ६० असा.

यापेक्षा कमी टाके वाढले तर कडेचा घेर अपुरा पडतो, कड आत खेचते, वाटी होते. जास्त वाढले तर घेर मावत नाही, झालर पडते. सगळ्या तक्रारी या दोनच घरांत येऊन बसतात. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी आपला रुमाल यांतल्या कुठल्या घरातला आहे ते मोजून ठरवायचं. नुसत्या डोळ्यांनी बघून चालत नाही, कारण हलकी वाटी आणि हलकी झालर पहिल्या नजरेत सारख्याच दिसतात: रुमाल टेबलावर बसत नाही, एवढंच कळतं.

मोजायची रीत अशी. एक वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. रुमालाच्या कडेवरून, लाटा असतील तर त्या लाटांवरूनच, न ओढता फिरवा. एक फेरा पूर्ण झाला की कापा आणि पट्टीवर सरळ करून मोजा. मग रुमालाचा व्यास घ्या, पण मधोमध हाताने दाबून, जिथे मोजताय ती रेघ सपाट करून. दोऱ्याची लांबी व्यासाच्या ३.१४ पट असायला हवी. व्यास १२ सेंटिमीटर असेल तर दोरा ३७.७ भरला पाहिजे. ३५ भरला तर वाटी. ४१ भरला तर झालर. हा फरक नुसता कळतच नाही, तो किती टाक्यांचा आहे तेही कळतं, आणि पुढे त्याचाच उपयोग आहे.

मोजणी पाचव्या फेरीनंतर करा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या फसव्या असतात. मधलं कडं सैल असतं, टाके अजून बसलेले नसतात, आणि एवढ्याशा तुकड्यात थोडी वाटी दिसली तरी ती पुढे आपोआप जाते.

झालर पडते तेव्हा

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे वाढीचा नियम एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तसाच ओढत नेणं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन खांब घालायचे असतात, म्हणून १२ चे २४ होतात. तिसऱ्यात एक साधा, एकात दोन, असं करत ३६. चौथ्यात दोन साधे, एकात दोन, म्हणजे ४८. प्रत्येक फेरीत मधले साधे खांब एकाने वाढत जातात आणि वाढ बाराच राहते. ही पायरी सुटली आणि प्रत्येक फेरीत "एक साधा, एकात दोन" चालू राहिलं तर ३६ नंतर ५४, मग ८१. आणि कुणी प्रत्येक घरात दोन-दोनच घालत गेलं तर १२, २४, ४८, ९६. चौथ्या फेरीत ४८ ऐवजी ९६ खांब असतील तर तो रुमाल कुठलीही इस्त्री बसवू शकत नाही.

ही झालर गणितात मोठ्या कामाची ठरली आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिन्या या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन क्रोशाचे नमुने विणले, आणि ज्या भूमितीचं नीट टिकेल असं प्रतिरूप कागदातून बनवणं फार अवघड जातं ती अतिवलयी (हायपरबोलिक, झालरीसारख्या लाटा घेणाऱ्या पृष्ठभागाची) भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. पुढे वर्टहाइम भगिनींनी याच युक्तीतून लोकरीचं प्रवाळ विणायचा मोठा उपक्रम उभा केला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरी बसून जो तुकडा "बिघडला" म्हणून आपण उसवतो, त्यातही नियम पाळलेला असतो. फक्त तो नियम रुमालाचा नसतो. मुद्दाम झालर हवी असेल, बाळाच्या झबल्याच्या खालच्या कडेला किंवा पडद्याच्या लेसला, तर हेच करायचं.

झालरीचं दुसरं कारण फेरीच्या सांध्यावर लपलेलं असतं. खांबाची फेरी तीन साखळ्यांनी (साखळी म्हणजे सुईवरच्या लूपमधून नुसता दोरा ओढून केलेला टाका) सुरू होते आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब मोजायचा असतो. बऱ्याच जणी त्या मोजत नाहीत आणि त्याच घरात आणखी एक खांब घालतात. शिवाय जोडटाका घातल्यावर तिथे एक छोटं घर तयार झाल्यासारखं दिसतं. त्यातही खांब जातो. झाला प्रत्येक फेरीत एक, कधी दोन टाके जास्त. आठ-दहा फेऱ्या होईपर्यंत जाणवत नाही, मग एकाच बाजूला, जिथे सांधा आहे तिथे, एक लाट उठते. झालर सगळीकडे सारखी नसून एकाच जागी फुगवटा असेल तर सांधाच तपासा.

तिसरं कारण टाक्याची उंची. नियमाप्रमाणे बारा वाढवूनही झालर येत असेल तर तुमचा खांब बुटका आहे. सुई घरातून बाहेर काढताना जो पहिला लूप ओढता तो किती वर येतो, यावर खांबाची उंची ठरते. काही जणी तो लूप घराला चिकटवूनच ठेवतात. त्यांचा टाका सुबक आणि दाट दिसतो, पण गोल पुरेसा बाहेर सरकत नाही, आणि बारा टाक्यांचा घेर त्याला जास्त होतो. यावर बारीक सुई घेणं हा एक उपाय आहे. पण मी सांगेन की वाढ कमी करा, बाराऐवजी दहा किंवा अकरा.

वाटी होते तेव्हा

वाटीत बहुतेक वेळा फेरीचा शेवटचा टाका सुटलेला असतो. मागच्या फेरीच्या तीन साखळ्यांचं वरचं घर अरुंद असतं, सुई शिरत नाही, म्हणून ते सोडून सरळ जोडटाका घातला जातो. त्याबरोबर त्या भागातली वाढही जाते. ४८ ऐवजी ४६, ६० ऐवजी ५७, असा घाटा वाढत जातो. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि प्रत्येक फेरी संपली की मोजा. मोजायचा कंटाळा येतो हे खरं आहे, पण वाढीच्या बारा जागा एकेक करून मोजल्या तरी पुरतं, सगळे टाके मोजायची गरज नाही.

मधलं भोक मोठं असेल तरीही वाटी होते. चार साखळ्यांच्या कड्यात बारा खांब ठीक बसतात. पण नमुना सुंदर दिसावा म्हणून आठ-दहा साखळ्यांचं मोठं कडं केलं आणि त्यात बाराच खांब घातले, तर त्या भोकाची त्रिज्या हिशोबात धरलीच गेली नाही. अशा वेळी पहिल्या फेरीतच सोळा ते अठरा खांब घ्या. पुढच्या फेऱ्यांत वाढ मात्र बाराचीच. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: सुरुवात कितीही मोठ्या कड्यावर झाली तरी प्रत्येक फेरीला लागणारी वाढ तीच राहते, कारण ती फक्त टाक्याच्या उंची-रुंदीवर ठरते.

आणि मग इंग्रजी नमुने. परदेशी नमुना बघून विणताना खोल वाटी झाली असेल तर आधी हे बघा की तो नमुना अमेरिकी आहे की ब्रिटिश. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकी डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ब्रिटिश पद्धत भेटते आणि आताचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकी पद्धतीचे असतात. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब, कुणी खांब समजून घातला तर सहाच्या वाढीवर दुप्पट उंच टाका चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीतच टोपी होते. उलट गल्लत झाली, मुक्या खांबावर बाराची वाढ पडली, तर झालर. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द आला असेल तर तो अमेरिकी, कारण आताच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

आपल्या हाताचा आकडा काढा

सहा, आठ, बारा हे आकडे सरासरी हाताचे आहेत. तुमचा हात, तुमची सुई आणि समोरचा दोरा यांचा स्वतःचा आकडा असतो आणि तो अर्ध्या तासात निघतो. पंधरा-सोळा खांबांची सरळ पट्टी विणा, सात-आठ ओळी. मधले दहा खांब किती रुंद भरतात ते मोजा आणि मधल्या पाच ओळी किती उंच भरतात ते मोजा. समजा दहा खांब ४ सेंटिमीटर, म्हणजे एक खांब ४ मिलिमीटर रुंद. पाच ओळीही ४ सेंटिमीटर, म्हणजे एक खांब ८ मिलिमीटर उंच. आठ भागिले चार म्हणजे दोन, दोन गुणिले ६.२८ म्हणजे साडेबारा. बारा किंवा तेरा वाढवा. पाच ओळी ४.६ सेंटिमीटर भरल्या तर उत्तर साधारण साडेचौदा येतं, तुमचा लूप उंच ओढला जातो, तुम्हाला चौदा लागतील. ३.२ भरल्या तर उत्तर दहा.

एवढं केलं की "हात घट्ट आहे", "हात सैल आहे" ही भाषाच संपते. दोन्ही हातांनी सपाट गोल होतो, फक्त आकडा वेगळा. आमच्या विणकाम करणाऱ्या मंडळींत एकाच दोऱ्यावर, एकाच सुईवर दोन बायकांचे आकडे दहा आणि चौदा निघतात, आणि दोघींचे रुमाल शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते सांगता येत नाही.

दोरा किंवा सुई बदलली की पट्टी पुन्हा विणायची. गुंड्यावरचा नंबर जितका मोठा तितका सुती दोरा बारीक, म्हणजे ४० नंबर हा २० पेक्षा बारीक. एकाच नंबरचा दोराही वेगळ्या लॉटचा असेल तर किंचित फरक पडतो, म्हणून मोठ्या टेबलक्लॉथला सगळे गुंडे एकदम घ्यावेत.

उसवायचं की सावरायचं

ज्यांनी संध्याकाळच्या वेळा काढून विणलंय त्यांना सरळ "उसवा" म्हणणं मला पटत नाही. बऱ्याचदा उसवावं लागतही नाही.

वर दोऱ्याने मोजलेला फरक आता कामाला घ्या. व्यास १२, दोरा ३५, म्हणजे २.७ सेंटिमीटर घेर कमी आहे. खांब ४ मिलिमीटरचा असेल तर सात टाक्यांचा घाटा. पुढच्या फेरीत नेहमीच्या बारामध्ये हे सात मिळवा, एकोणीस वाढवा, सगळीकडे सारखे पसरवून. झालर असेल तर उलट. दोरा ४१ भरला म्हणजे ३.३ सेंटिमीटर जास्त, आठ टाके जादा. पुढच्या फेरीत बाराऐवजी चारच वाढवा. फरक मोठा असेल तर एक पूर्ण फेरी वाढ न करता साधी घाला आणि परत मोजा. एका फेरीत सगळा फरक भरला नाही तर दोन फेऱ्यांत विभागा.

हे कुठवर चालतं? माझ्या अनुभवात, फरक घेराच्या दहाव्या भागाच्या आत असेल आणि सुती दोरा असेल, तर अशी सावरलेली जागा धुऊन ताणल्यावर दिसत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर चूक जिथे सुरू झाली त्या फेरीपर्यंत उसवणंच बरं. ती फेरी शोधायला रुमाल उजेडासमोर धरा आणि मधून बाहेर एकेक फेरीच्या वाढीच्या जागा मोजत या. जिथे बारा भरत नाहीत किंवा जास्त भरतात तिथेच थांबा. त्याच्या आतलं काम चांगलं आहे, ते राहू द्या.

सपाट तर झाला, पण गोलाऐवजी षट्कोन दिसतो, ही तक्रारही इथेच येते. त्याचं कारण प्रत्येक फेरीत वाढ बरोबर मागच्या वाढीवर येणं. तिथे कोपरे तयार होतात. एका फेरीत वाढीने सुरुवात केली असेल तर पुढच्या फेरीत अंतर अर्ध्यावर सरकवून सुरुवात करा. बस.

जाळीच्या नक्षीला मात्र हा हिशोब जरा वेगळा लागतो. साखळ्यांच्या कमानी असतील तर कमानींची संख्या तीच ठेवून कमान मोठी करत न्यायची असते: पाच साखळ्यांची सहा, मग सात. नमुन्यात हे दिलेलं असतं, पण ज्यांच्या साखळ्या टाक्यांपेक्षा घट्ट येतात (आणि हे फार जणींचं असतं, खांब मोकळे आणि साखळी आवळलेली) त्यांच्या कमानी बुटक्या पडतात आणि रुमाल वाटी होतो. कमानीत एक साखळी जास्त घ्या किंवा तेवढ्या फेरीला अर्धा मिलिमीटर जाड सुई वापरा. अननसाच्या नक्षीत तर मधल्या काही फेऱ्यांत रुमाल उठलेलाच दिसतो, कारण अननसाच्या बुडाशी टाके एकदम वाढतात आणि टोकाकडे कमी होत जातात. तिथे घाबरून हिशोब बदलू नका. अननस पूर्ण होऊ द्या, मग मोजा.

पाणी, टाचण्या आणि खळ

हिशोब बरोबर आला की उरलेला बारीक उठाव पाण्याने जातो. सुती रुमाल कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. थर्मोकोलच्या पाटावर कागद ठेवा, त्यावर हवा तेवढा गोल आणि घड्याळासारख्या बारा रेघा काढा, वर प्लॅस्टिक. कागदावरची शाई दोऱ्याला लागू नये म्हणून प्लॅस्टिक विसरू नका. मग समोरासमोर टाचण्या लावत जा: बाराला, सहाला, तीनला, नऊला, आणि नंतर मधल्या. एका बाजूने सलग लावत गेलात तर रुमाल एकीकडे ओढला जातो. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. पावसाळ्यात रुमाल वाळायला दोन दिवसही लागतात, तेवढ्यात साध्या टाचणीचा गंज पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो आणि तो डाग निघत नाही. लाल, मरून अशा रंगांसोबत पांढरी कड करायची असेल तर विणण्याआधीच वीतभर दोरा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दाबून बघा, रंग जातो का.

दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं, आणि ते पाण्याने असं बसत नाही. खात्री नसेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, खरी लोकर जळक्या केसांचा वास देते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. अ‍ॅक्रिलिकच्या रुमालावर इस्त्री कधीही टेकवू नका. वरून अंतर ठेवून वाफ द्यायची आणि हाताने बसवायचं. इस्त्री टेकली की धागा चपटा आणि चकचकीत होतो आणि त्यातला जीव परत येत नाही. एकाच रुमालात मध्यभाग सुती आणि कड अ‍ॅक्रिलिकची, असंही करू नका. सुती धुण्यात आटतं, अ‍ॅक्रिलिक आटत नाही, आणि विणताना सपाट असलेल्या रुमालाला धुतल्यावर झालर येते.

खळ शेवटी. साबुदाणा शिजवून, गाळून, बोटाला जेमतेम चिकट लागेल इतकी पातळ करा आणि टाचण्या लावण्याआधी रुमाल त्यात बुडवा. गडद रंगाला जाड खळ दिली तर वाळल्यावर पांढुरकी दिसते. साखरेच्या पाण्याने कडक करायची जुनी रीत आहे, पण मुंग्या येतात आणि दमट हवेत रुमाल चिकट होतो. मी ती कुणाला सुचवत नाही.

बांगड्यांचं तोरण आणि क्रोशाचे कानातले

आता क्रोशाचे दागिने आणि बांगड्यांची तोरणं खूप जणी करतात, आणि तिथे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. कड्यावर टाके कोंबता येतात, म्हणून किती घालायचे याचा अंदाज चुकतो, आणि सुईवरून उतरवलं की कडं पिळल्यासारखं दिसतं.

कड्याचा बाहेरचा घेर काढा आणि टाक्याच्या रुंदीने भागा. २-६ मापाची बांगडी म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर ६/१६ इंच, साधारण ६० मिलिमीटर. बांगडी ३ मिलिमीटर जाड असेल तर बाहेरचा व्यास ६६ आणि घेर सुमारे २०८ मिलिमीटर. बारीक दोऱ्याचा टाका अडीच मिलिमीटर रुंद येत असेल तर २०८ भागिले २.५, म्हणजे ८३. बारा पाकळ्या करायच्या तर ८४ घ्या, प्रत्येक पाकळीला सात. पुढे खांबाच्या फेऱ्या वाढवायच्या असतील तर ९६, १०८. कड्याच्या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक घरात दोन खांब घालून ८४ चे १६८ करणं, हे बिघडलेल्या तोरणांमागचं ठरलेलं कारण आहे.

मोती ओवून विणताना मोती टाक्यापेक्षा रुंद असतो हे विसरलं जातं. २ मिलिमीटरच्या टाक्यावर ४ मिलिमीटरचा मोती प्रत्येक टाक्याला बसवला तर कड लाटा घेणारच. एक टाका सोडून एक मोती लावा. शिवाय मोती विणताना कामाच्या मागच्या बाजूला पडतात, म्हणून ती फेरी उलट्या बाजूने विणावी लागते.

कानातल्यांना कडकपणा द्यायला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल चालतो. पण तो घामाने आणि पाण्याने पुन्हा मऊ होतो, तेव्हा ज्याला असे कानातले देताय त्याला भिजवू नका असं सांगा. आणि वरची कडी एकाच टाक्यात अडकवली तर वजनाने तो टाका ओढला जाऊन गोल लंबगोल होतो. दोन शेजारच्या टाक्यांतून, त्यांच्या बुडाखालून घ्या.

दुसरीला नमुना देताना

आपण केलेली वस्तू आवडली की कुणीतरी नमुना मागतंच, आणि बहुतेक वेळा फोटो आणि "बारा खांबांनी सुरुवात, मग वाढवत जा" एवढंच दिलं जातं. ती घरी विणते, तिची वाटी होते, आणि तिला वाटतं आपल्याला येत नाही. हे मला मनापासून खटकतं, कारण चार ओळी जास्त लिहिल्या तर हा त्रास तिथेच संपतो. फोटो कडक केलेल्या, टाचून वाळवलेल्या रुमालाचा असतो, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ती आपल्या हातातला ओला-वाकडा तुकडा त्याच्याशी ताडून बघते.

लिहायचं ते असं असावं: सुती दोरा २० नंबर, सुई १.२५ मिलिमीटर. खांब म्हणजे एकदा दोरा घेऊन घातलेला. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब धरल्या आहेत. फेऱ्यांच्या शेवटी टाके १२, २४, ३६, ४८, ६०. दहा खांबांची रुंदी अमुक, पाच ओळींची उंची अमुक, पाचव्या फेरीनंतर व्यास अमुक. यापेक्षा तुमचा व्यास जास्त भरला आणि कड उठली तर प्रत्येक फेरीत एक-दोन खांब जास्त वाढवा, कमी भरला आणि लाट आली तर एक-दोन कमी. सातव्या फेरीपासून अननस सुरू, तिथे कड उठते, दहाव्या फेरीपर्यंत तशीच राहील. धुऊन, टाचून, पातळ खळ देऊन वाळवला आहे.